उन्हाची दुसरी नोंद

आमचे सर चहात थर्मामीटर बुडवायचे.

विभागाच्या फाटकापाशी चहाची टपरी होती. टपरीवाला ग्लास पुढे करत म्हणायचा, "लो सर, एकदम गरम." सर खिशातून काचेचा थर्मामीटर काढायचे, चहात धरून अर्धा मिनिट थांबायचे आणि म्हणायचे, "इकसठ. इसको एकदम गरम बोलते हो, भिया?" टपरीवाल्याला सवय झाली होती. नव्या माणसाला मात्र वाटायचं की आता इथे भांडण होणार. सर भांडत नसत. थर्मामीटर पुसून खिशात ठेवत आणि तोच चहा शांतपणे पिऊन टाकत. चहाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, 'एकदम' या शब्दाबद्दल होती.

इंदूरला राहून ते बाहेरचे पोहे खात नसत. "वरून एवढी सेव घालतात, ती कशाला? खालचे पोहे कालचे आहेत हे कळू नये म्हणून," असं त्यांचं मत होतं. सेव बाजूला सारून पोह्यांचा वास घेणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. कोणी "गुड मॉर्निंग सर" म्हटलं की आधी घड्याळाकडे बघायचे, मग उत्तर द्यायचे. अकरा वाजून गेले असले तर "अभी काहे की मॉर्निंग?" एवढंच.

अशा माणसाकडे मी पीएच.डी. करत होते. भंवरकुआंजवळच्या परिसरात आमचा विभाग होता. चार मजले चढून गेलं की गच्ची, आणि गच्चीवर आमचं यंत्र. पन्हळीसारखा वाकवलेला लांबलचक आरसा आणि त्याच्या मधोमध एक काळी नळी. आरशावर पडलेलं ऊन त्या नळीवर गोळा व्हायचं आणि आतून वाहणारं तेल तापायचं. माझं काम होतं नळीवरच्या काळ्या लेपाचं. लेप असा हवा की ऊन जास्तीत जास्त पिईल आणि पोटातली उष्णता बाहेर सोडणार नाही. ऐकायला सोपं. लेप जमायलाच मला दीड वर्ष लागलं, आणि तो जमल्यावर त्याचा हिवाळाभराचा हिशोब हवा होता: किती ऊन आलं, तेल किती तापलं, दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. यंत्राला जोडलेला लॉगर आपोआप नोंदी ठेवायचा, पण सरांना तेवढं पुरत नसे. हाताने, शाईने, वहीत लिहायचं. खाडाखोड झाली तर रेघ मारून शेजारी सही करायची.

पहिल्याच आठवड्यात मला सरांच्या रुमालाची गोष्ट कळली. विद्यार्थी गच्चीतल्या खोलीत मीटरसमोर बसून नोंदी घेत असला की सर कधीतरी नोंदीच्या वेळी गुपचूप खोलीमागे जात आणि तिथल्या ऊन मोजायच्या यंत्रावर आपला रुमाल टाकत. पाच मिनिटांनी उचलत. संध्याकाळी वही मागवत. त्या वेळी उन्हाचा आकडा पडलेला दिसला तर वही परत. नाही दिसला तर याचा अर्थ, पोरगा खाली बसून अंदाजाने आकडे भरतोय. माझ्या आधीचा एक सीनियर यात सापडला होता. त्याच्या वहीत त्या पाच मिनिटांतही कडकडीत ऊन होतं. तो टपरीवर बसून नोंदी लिहीत होता. सरांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही म्हणून सांगितलं.

ही गोष्ट सगळे हसत सांगायचे. दुसरी एक गोष्ट मात्र आवाज खाली करून सांगायचे. त्या सीनियरच्या कामावर पुढे एका परदेशी नियतकालिकात काहीतरी छापून आलं, त्यावर नाव फक्त सरांचं होतं. "पोराला काढलं आणि काम खाल्लं," असं विभागातले जुने रिसर्चवाले म्हणत. "जरा जपून रहा. तुझा लेप चांगला निघाला आहे."

लेप खरंच चांगला निघाला होता. आणि मी जपून राहायला लागले.

जपून राहायचं ठरवलं की माणसाला बरंच काही दिसायला लागतं. मला दिसलं की मी साडेतीनला खाली उतरले की सर वर जातात. वीस मिनिटांनी येतात तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी हिरवी वही असते, आणि मला बघून ती ते खिशात घालतात. मी एकदा विचारलं, "सर, वर काही काम होतं का? मी केलं असतं." ते म्हणाले, "ऊन बघायला गेलो होतो. ते काय तुझ्याकडून बघून घेऊ?"

डिसेंबरात माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला मी दोन दिवस देपालपूरला गेले. परत आले तर प्रयोगशाळेतले बाबूलालजी म्हणाले, "मॅडम, आपके पीछे दो साहब आए थे. विजय नगर की कोई कंपनी के. सर उनको ऊपर ले गए. आपकी नली के फोटो खींचे उन्होंने."

बाबूलालजी तीस वर्षं तिथे होते आणि उगाच काही बोलणाऱ्यातले नव्हते. मी सरांकडे गेले. ते कागद वाचत होते. मी इकडचं तिकडचं विचारलं, पाहुण्यांबद्दल ते स्वतः काही बोलतील म्हणून थांबले. ते बोलले नाहीत. उलट त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने लॉगर काढला. "ह्याच्यावर माझा भरवसा नाही. तपासायला पाठवतो. तोपर्यंत वहीवर चालव."

म्हणजे आता माझ्या कामाचा पुरावा म्हणून माझी वही तेवढी उरली, आणि ती दर शनिवारी सरांच्या कपाटात जायची.

घरी बाबांना सांगितलं. बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, साधे. ते म्हणाले, "अगं, पण विचार ना त्यांना सरळ." मला हसू आलं. चोराला कोणी सरळ विचारतं का?

मी सापळा लावला. तो कसा सुचला ते आता आठवत नाही. तेव्हा मात्र मला त्याचा फार अभिमान वाटला होता. जानेवारीतला एक मंगळवार निवडला. आकाश स्वच्छ होतं. दिवसभर मी खऱ्या नोंदी माझ्या मोबाइलमध्ये लिहिल्या, आणि वहीत प्रत्येक ठिकाणी तेलाचं तापमान आठ अंश वाढवून लिहिलं. शाईने, नीट अक्षरात. एवढा चांगला दिवस कुठेही वापरल्याशिवाय राहणार नाही, असा माझा हिशोब होता. हा मंगळवार कंपनीच्या माहितीपत्रकात किंवा सरांच्या नावाच्या लेखात दिसला की मी मोबाइल पुढे करणार.

पुढच्या सोमवारी सरांनी मला बोलावलं. ते खोलीचं दार नेहमी सताड उघडं ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी उठून ते लावलं. टेबलावर माझी वही होती आणि शेजारी ती हिरवी वही. दोन्ही उघडलेल्या.

"मंगळवार," सर म्हणाले. "दुपारी पावणेचार. तू लिहिलंस एकशे बेचाळीस. मी एकशे चौतीस. बाकी सगळे दिवस तुझ्या साडेतीनशी माझं पावणेचार जुळतं, अर्धा-एक अंश इकडे तिकडे. मंगळवारीच कसं काय बिघडलं?"

मला एकदम कळेना की त्यांचे आकडे आले कुठून. मग दिसलं. हिरव्या वहीत रोजची एक ओळ होती. तारीख, पावणेचारची वेळ, ऊन, तेल. माझी शेवटची नोंद साडेतीनची असायची. पण त्या मंगळवारी सापळा पक्का व्हावा म्हणून मी खाली उतरून, वरचा आकडा न बघताच, साडेतीनच्या अंदाजाने पावणेचारची ओळही भरून टाकली होती. तेव्हा सर वर उभे होते.

"तुमच्या थर्मामीटरमध्ये..." मी सुरुवात केली.

"सकाळी बर्फात घालून पाहिला. शून्य दाखवतो," सर म्हणाले. "बोल."

तोंडात आलेलं खोटं तिथेच थांबलं. मी म्हणाले, "माझा आकडा खोटा आहे."

"का?"

"तुम्ही माझं काम चोरता का ते बघायला."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि विचारलं, "मग? चोरलं का मी?"

"विजय नगरची माणसं आली होती. फोटो काढले."

"लॉगर तेच तपासून देणार आहेत. कुठला सेन्सर कुठे लावलाय ते बघितल्याशिवाय कसा तपासतील?"

"आणि ही वही?"

"ही वही तुझ्यासाठी आहे," सर म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला. "उद्या कोणी म्हणालं की पोरीने घरी बसून आकडे बनवले, तर मी काय दाखवू? तुझा चेहरा? दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या यंत्राने, तुला न सांगता घेतलेली नोंद लागते. त्या पोरानंतर मी प्रत्येकाची ठेवतो. तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशी जुळवून लिहिलं असतंस. माणूस आहे, जुळवतो."

मी म्हणाले, "त्या सीनियरचं काम तुम्ही तुमच्या नावाने छापलंत."

हे मी का बोलले देव जाणे. हरलेला माणूस हातात येईल ते फेकतो.

सरांनी दार उघडलं. "वाच जाऊन," म्हणाले.

मी वाचलं. संगणकावर शोधायला दोन मिनिटं लागली. चार वर्षं मी ती गोष्ट ऐकत होते, एकदाही शोधली नव्हती. रोज उन्हाचा पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशोब ठेवणारी मी. ते जेमतेम अर्ध्या पानाचं निवेदन होतं. आमच्या विभागातून पूर्वी प्रसिद्ध झालेल्या लेखातल्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, तो लेख मागे घेत आहोत, चुकीची जबाबदारी माझी. खाली सरांचं एकट्याचं नाव. त्या पोराचा कुठे उल्लेख नव्हता. तो तेव्हा नोकरी शोधत होता, हे मला बाबूलालजींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. वाटलं होतं माफी मागावी, मंगळवार वगळावा, पुढे जावं. सर म्हणाले, "पूर्ण हिवाळा गेला."

"पण बाकीचे दिवस जुळतात. तुमच्याच वहीशी जुळतात."

"मी दिवसात एकदा बघितलं. तू पंचवीस वेळा लिहिलंस. बाकीचे चोवीस खरे आहेत हे तुला माहीत आहे. मला वाटतं. तिसऱ्याला काय सांगणार?"

"सर, माझं एक वर्ष जाईल."

"जाईल."

फेलोशिप उन्हाळ्यात संपत होती. घरी स्थळं बघणं चालू होतं, 'एवढं झालं की मग' असं म्हणून मी दोन वर्षं काढली होती. मी रडले, तेही त्यांच्यासमोर. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याच दिवशी त्यांनी प्रकल्प तपासणाऱ्या समितीला पत्र पाठवलं की या हिवाळ्याच्या नोंदी आम्ही मागे घेत आहोत. कारण म्हणून एवढंच, 'नोंदीत दोष आहे, जबाबदारी माझी', आणि खाली पुन्हा त्यांचं एकट्याचं नाव. समितीने प्रकल्प पुढे वाढवला नाही. जूनमध्ये सर रिटायर झाले, आणि निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. मी मागे बसले होते. प्रकल्प का बंद पडला हे त्या खोलीत तीनच माणसांना माहीत होतं. तिसरे बाबूलालजी.

दुसरा हिवाळा आला. सकाळी मी कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायची आणि दहाला गच्चीवर जायची. पहिल्या दिवशी साडेतीनला उतरत होते तर जिन्यात सर दिसले. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत वर येत होते. गुडघ्याने त्यांना रिटायर होण्याआधीच दगा दिला होता.

"सर, तुम्ही कशाला?"

"बाजूला हो. पावणेचार होतील."

ते तीन महिने रोज आले, सिटी बसने. रविवारीसुद्धा. एकदा त्यांना ताप होता म्हणून मी घरी बघायला गेले, तर काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांचं हे जुनंच आहे. आमचं लग्न ठरत होतं तर ह्यांनी पत्रिका दोन गुरुजींकडे दिली, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. एक म्हणाला अठ्ठावीस गुण जुळतात, दुसरा म्हणाला एकोणीस. मग हे स्वतःच आले आमच्या घरी. म्हणे, आता मलाच बघू द्या." आतून सर ओरडले, "दोघांनी जन्मवेळच वेगवेगळी धरली होती!" काकू हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

जानेवारीत एकदा माझ्या वहीत सव्वाबाराला उन्हाचा आकडा अचानक पडला. आकाशात ढग नव्हता. मी लिहिला तसा. खोलीमागे जाऊन बघितलं नाही, कोण आहे ते मला माहीत होतं. रिटायर झालेला माणूस सकाळी येऊन लपून बसला होता.

प्रबंध लिहून झाला तेव्हा सर म्हणाले, "एक पान जास्त लाव. पहिल्या हिवाळ्याच्या नोंदी का नाहीत, ते लिही."

"खरं कारण?"

"तुझी मर्जी. मी कोणाला सांगणार नाही."

बाबा म्हणाले, "कशाला लिहितेस? डिग्री अडकली म्हणजे? आणि कळणार कोणाला?" त्यांचं बरोबर होतं, कळलं नसतं. मी तीन वेळा ते पान लिहिलं आणि दोन वेळा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं ते तसंच बांधायला दिलं. सर मला शिक्षा करतील ही भीती केव्हाच गेली होती. पण ते कोणाला सांगणार नाहीत, हे ओझं मला पेलवेना.

व्हायवाला बाहेरून परीक्षक मॅडम आल्या होत्या. लेपाबद्दल तासभर प्रश्न झाले, ते चांगले गेले. मग त्यांनी ते पान उघडलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ये आपने खुद लिखा है? किसी के कहने पर?"

"खुद लिखा है, मॅडम." आणि मी सगळं सांगितलं. मंगळवार, आठ अंश, सापळा. हॉलमध्ये पंचवीसेक माणसं होती. बाबा दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसले होते.

मॅडम मागच्या रांगेकडे वळल्या. "सर, आप गाइड थे. इतनी बड़ी बात थी, आपने ऊपर रिपोर्ट क्यों नहीं की?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी माझ्यापुरतं पान लिहिलं होतं, आणि त्यात सरही सापडले होते.

सर पुढच्या खुर्चीला धरून उभे राहिले. "मॅडम, नोंदी मागे घेतल्या, ते ऊपर कळवलं. नाम नहीं दिया, ये सही है." दोन भाषांची त्यांची नेहमीची खिचडी झाली होती, मग त्यांनी सावरून घेतलं. "इसने मुझ पर शक किया. शक करना इसको मैंने ही सिखाया था. शक करने के बाद जाकर देखना पड़ता है, ये सिखाना मेरा रह गया. एक साल इसने भरा. थोड़ा तो मुझे भी भरना था."

मॅडमनी त्यांच्या हातातल्या काठीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दोनों सर्दियों के ग्राफ दिखाइए. पहली वाली भी." मी दाखवले. त्यांनी वाकून, बोट फिरवत, बराच वेळ बघितले. मग आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं, अर्ध्या तासाने परत आत बोलावलं आणि पदवी द्यावी अशी शिफारस वाचून दाखवली.

टाळ्या वाजल्या, बाबांनी डोळे पुसले, बाबूलालजींनी कचोऱ्यांचा डबा उघडला. मी सरांना शोधलं तर ते नव्हते. फाटकाबाहेर बस स्टॉपवर उभे दिसले. मी धावत गेले.

"सर, न सांगता निघालात?"

"चारची बस आहे."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं, ते राहून गेलं आणि भलतंच विचारलं. "सर, या वर्षी तरी तुमचा माझ्यावर भरवसा होता ना?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला, मला बरं वाटावं म्हणून घाईने हो म्हणाले नाहीत.

"नव्हता," ते म्हणाले. "असता तर चार मजले रोज कशाला चढलो असतो?"

बस आली. कंडक्टरने वर घ्यायला हात दिला. सरांनी तो घेतला नाही. दाराजवळचा दांडा दोनदा हलवून पक्का आहे का ते बघितलं, आणि मग चढले.